शनिवारच्या मंडळातून उठून आले तेव्हा

छोटा हत्ती टेम्पो दारात उभा होता आणि त्यात शिलाई मशीन चढवायचं का नाही, यावर माझा आणि नीलूचा वाद चालला होता. अकोल्याला तिच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, असं माझ्या लेकीचं म्हणणं. खरं सांगू का, मला मशीनचं काही पडलं नव्हतं. मी वेळ काढत होते. देवळाच्या गल्लीकडे सारखी मान वळत होती, आपल्या मंडळातलं कोणी येतं का म्हणून.

एकटी सालोमी आली. तिनं डबा टेम्पोच्या सीटवर ठेवला आणि नीलूला म्हणाली, "रस्त्यात खाजा दोघी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिच्याबरोबर मी नवी नवरी असल्यापासून एका नळावर पाणी भरलं, ती पाठ फिरवून गेली. टेम्पो बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला तरी मी फोन हातातच धरून बसले होते.

हे मी तुम्हालाच लिहिते आहे, मंडळातल्या बहिणी-भावांनो. आणि आपल्यातून आधीच पुण्याला, नागपूरला, कोणी दुबईला गेले, त्यांनाही. तुमच्यापर्यंत अर्धीच गोष्ट पोचली असणार.

मी सातवी शिकलेली बाई. लिहायला लागले ते या मंडळात. दर शनिवारी दुपारी देवळामागच्या खोलीत आपण बसायचो, ज्यानं त्यानं लिहिलेलं वाचायचो, सालोमीचा चहा प्यायचो. वाचून झालं की सगळे त्या कागदावर हात ठेवून प्रार्थना करायचे. एकदा हात ठेवले की ते लिखाण मंडळाचं. मग प्रभुदास सर त्याची शुद्ध प्रत करायचे आणि ते नाताळ अंकात यायचं. हात ठेवलेलं लिखाण कोणी परत मागितलं, असं आजवर झालं नव्हतं. आणि शेवट साक्षीनं व्हायचा, म्हणजे देवानं कसं तारलं ते सांगून. मी एकदा मटणाच्या रश्श्यावर लिहिलं होतं, तर सरांच्या प्रतीत शेवटी स्वर्गातलं ताट आलं. आपण केवढे हसलो होतो. मीही हसले होते.

मग आमच्या ह्यांना लिव्हरचं दुखणं लागलं. जन्मभर देवळात ढोलकी वाजवणारा माणूस. तुम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी दर शुक्रवारी उपास केले, ते मी विसरलेली नाही. पण हे दिवसेंदिवस गप्प होत गेले. चर्चचे पाळक आले की भिंतीकडे तोंड करायचे. जायच्या दिवशी मी उशाशी स्तोत्र वाचत होते, तर म्हणाले, "एस्तेर, आता प्रार्थना पुरे. तू जवळ बस." मी पुस्तक मिटलं आणि बसले. तेवढंच. सबंध संसारात ह्यांनी मला कधी जवळ बस म्हटलं नव्हतं. देवळात पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. घरी आले की ढोलकीची दोरी ओढत बसायचे. ते एक वाक्य मला मिळालं, बाकी ह्यांनी काही मागे ठेवलं नाही.

नीलू पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं कितीदा विचारलं, बाबा काय म्हणाले गं? मी दरवेळी तेच सांगितलं. आणि तसंच लिहिलं. शनिवारी वाचलं तेव्हा खोली एकदम शांत झाली, पण हात ठेवले गेले. मला वाटलं, पटलं.

देवळातल्या वार्षिक वाचनाला नीलू मुद्दाम सुटी काढून आली. माझं लिखाण सालोमी वाचत होती, तिचा आवाज मोठा म्हणून. आणि शेवटाला आली तेव्हा ऐकते तर काय, ह्यांनी हात जोडले, स्तोत्र पूर्ण म्हटलं, हसत हसत डोळे मिटले. सगळं देऊळ "आमेन" म्हणालं.

नीलूनं माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "आई, मग मले काय सांगितलं होतं तू?"

माझी माय म्हणायची, "खरं बोलल्यानं घर मोडत नाई वो, मोडकं असते ते दिसते फक्त." पण मायला असं भरल्या देवळात उभं राहावं लागलं नव्हतं. मी उठले. म्हटलं, "सालोमी, थांब. हे मी नाही लिहिलं. असं झालं नाही."

"एस्तेरबाई, बसा," प्रभुदास सर पुढच्या बाकावरून म्हणाले. "मागून बोलू."

मागून बोललो. खोलीत कोणी चहा ठेवला नाही. सर म्हणाले, "तुमचा शांतवन माझा दोस्त होता. लोक म्हणतीन, जन्मभर ढोलकी वाजवली अन् शेवटी विश्वास सोडला. म्हणून बदललं मी." त्यांचे डोळे भरले होते, ते खोटे नव्हते. पण अंकात छापायचं तर साक्षीनं, नाहीतर नाही, यावर सगळे ठाम. मी लिखाण परत मागितलं.

सालोमी म्हणाली, "तुले माणसापेक्षा कागद मोठा वाटून राहिला का वो?"

"माणूसच आहे त्यात," मी म्हटलं.

पुढचे शनिवार मी गेले नाही. रविवारी देवळात माझ्या बाकावर माझ्याशेजारी जागा रिकामी राहायला लागली. भाजीवालीपुढे सालोमी दिसली की आधी ती वळायची, मग मीच वळायला लागले. नीलू म्हणाली, "काहून राहून राहिली तू इथं? चाल माझ्याकडे." मी आले.

अकोल्यात आता लिफ्टनं वर-खाली करते. नीलू विद्यापीठात लॅबला जाते, मी दुपारभर एकटी. इथल्या देवळात मागच्या बाकावर बसते. मी लिहिते हे कोणाला ठाऊक नाही. मंडळाच्या वॉट्सॲप ग्रुपमधून नीलूनं मला बाहेर काढून दिलं, तेव्हा 'लेफ्ट' एवढा एकच शब्द आला. त्याखाली कोणी काही लिहिलं का, ते मला दिसायची सोय नाही. शनिवारची दुपार अजून जड जाते. कुकरची शिटी झाली तरी ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आधी नीलूची चौकशी केली. मग म्हणाले, "अंक छापायला चालला. एक सांगतो. शांतवन मलेही म्हणाला होता, प्रार्थना पुरे कर म्हणून. मी कोणाले बोललो नाही."

हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग तसंच छापा ना, सर."

"नाई जमत, बाई. मंडळ तुटंन."

"तर मग माझं नाव आणि ह्यांचं नाव, दोन्ही राहू द्या बाहेर."

"परत येसान का कधी?"

"हे जसे गेले तसे मंडळाला चालत असतील, तर येईन," मी म्हटलं. फोन त्यांनी ठेवला का मी, आठवत नाही.

तुमचा राग मला कळतो. अमरावती माझं घर नाही असं मी कुठं म्हणते? तुम्हीच मला लिहायला शिकवलं, तुमचे उपास मला अजून आठवतात. पण त्या घरात राहायचं तर मला रोज एका अशा नवऱ्याची बायको व्हावं लागलं असतं, जो मला कधी भेटलाच नाही. इथं संध्याकाळी नीलू येते, चपला काढता काढता विचारते, "आई, बाबा म्हणाले जवळ बस, मग तू कोणत्या बाजूला बसली?" मी सांगते, खिडकीच्या बाजूला. ती ऐकते आणि पुढचं विचारते.