शेऱ्याचा रकाना

कुत्र्यांना मी किती घाबरते, हे आमच्या टाउनशिपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. ऊन असो नसो, दूध आणायला निघाले की हातात छत्री असायचीच. लहानपणी नागपूरला कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून एकच वाक्य ऐकत आले: "घाबरू नका हो, काही करत नाही तो." चावला त्या कुत्र्याचा मालकही हेच म्हणाला होता.

अशा बाईच्या नऊ वर्षांच्या लेकीनं फॉक्स टेरियरच्या पिल्लासाठी वर्षभर हट्ट धरला. शहरात अरेरा कॉलनीतल्या एक हिंदीभाषक निवृत्त शिक्षिका ही जात पाळायच्या. पण त्या कुणालाही पिल्लू देत नसत, आधी अख्ख्या घराला बोलावून पारखून घेत. "आई, तू भितेस हे त्यांना कळलं तर संपलंच," लेकीनं मला बजावलं. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

नवरा कारखान्याच्या तपासणी विभागात. त्यानं पिल्लासाठी चक्क अर्ज लिहिला, क्वार्टर मिळवायला करतात तसा. विषय, क्वार्टरचा प्रकार, कुंपणाची उंची, सगळं तीन प्रतींत. मी पोट धरून हसले, वाचला मात्र नाही. तिथेच चुकले.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बाईंनी तो अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पिल्लांच्या आईला मोकळं सोडलं आणि विचारलं, "दिन भर पिल्ले के पास कौन रहेगा?"

"मम्मी," लेक म्हणाली.

"डर तो नहीं लगता आपको?"

"बिलकुल नहीं," मी म्हणाले.

कुत्री थेट माझ्याकडे आली. तिचं ओलं नाक घोट्याला लागलं. ओरडायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी अर्ज माझ्यापुढे धरला. तळाशी शेऱ्याच्या रकान्यात नवऱ्याचं सुबक अक्षर होतं: पत्नी को कुत्तों से अत्यधिक भय है.

मालात दोष असला की तो लिहायचाच, ही त्याची नोकरीभराची सवय. आता त्यानं मलाच मालात जमा केलं होतं! कुत्री पायाशी नसती तर तिथेच त्याला फाडून खाल्लं असतं.

"एक बार फिर पूछती हूँ," बाई म्हणाल्या.

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. खरं सांगितलं तर पिल्लू जाणार होतं, आणि आता खोटं रेटायचीही सोय उरली नव्हती.

"लगता है," मी म्हणाले. "बहुत लगता है. अभी भी लग रहा है."

बाई हसल्या नाहीत. "अब काग़ज़ और आप मिलते हैं. डरने वाले को मैं सिखा लूँगी. झूठ बोलने वाले को पिल्ला नहीं देती."

अट एकच: सहा रविवार यायचं आणि तासभर कुत्रीजवळ जमिनीवर बसायचं. मगच त्या ठरवणार. दर शनिवारी मला जेवण जायचं नाही. पहिल्या रविवारी दाराला पाठ टेकून बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. सहाव्या रविवारी कुत्रीनं माझ्या पावलावर हनुवटी ठेवली. भीती होती तेवढीच होती, पण मी पाय काढून घेतला नाही. बाईंनी पिल्लू टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिलं.

ऑटो टाउनशिपच्या गेटाशी आली आणि कारखान्याच्या पाळीचा भोंगा झाला. पिल्लू माझ्या मांडीवर लटलट कापायला लागलं.

"आई, सांग ना त्याला, घाबरू नकोस म्हणून," लेक म्हणाली.

मी नाही सांगितलं. त्याला पोटाशी धरलं आणि म्हटलं, "लागते रे भीती." भोंगा थांबेपर्यंत आम्ही दोघंही कापत बसलो.