दारातली ढलान

बाबांच्या डाव्या खांद्याला संत्र्याच्या सालीचा वास येतो. हंगाम असो वा नसो, शर्ट नुकता धुतलेला असो वा घामेजलेला, कापडाच्या विणीत कुठेतरी तो किंचित कडवट, डोळ्यांत चुरचुरणारा वास मुरून राहिलेला असतो. मला तो जितका ठाऊक आहे तितका दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही, कारण माझ्या आयुष्यातला बराचसा प्रवास त्या खांद्यावर हनुवटी टेकवूनच झाला आहे. जन्मापासून माझ्या पायांत बळ नाही. बाबा पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत ट्रक भरतात. दिवसभर संत्र्यांचे कॅरेट उचलायचे आणि घरी आल्यावर मला उचलायचं, यात त्यांनी कधी फरक केला नाही, आणि मीही कधी केला नाही. ओट्यावरून गल्लीत, गल्लीतून ऑटोत, ऑटोतून बाकावर. उचलताना ते नेहमी "चाल माय" एवढंच म्हणत, आणि खरोखरच मी चालते आहे असं मला वाटे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि बाबा दुसरे. माझा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, म्हणून सकाळी मंडीत जाण्याआधी ते मला वर पोचवून देतात आणि दुपारी न्यायला येतात. वर्गातल्या मुली त्यांची थट्टा करत, "काका, तुमी बी बी.ए. करून राहिले का?" आणि बाबा धापा टाकत, पण मोठ्या गंभीर चेहऱ्यानं सांगत, "मी तं कवाचाच पास झालो, पोरीचंच अडकून हाय." सगळा वर्ग हसे. मला त्या हसण्याचा कधी राग आला नाही. ऊन आधी जिन्यावर येई, मग त्यांच्या मानेवर, मग माझ्या वहीवर, आणि दिवस सुरू होई. तो क्रम किती सुंदर होता हे तेव्हा कळलं नाही, असं मी म्हणणार नाही, कळत होतं. फक्त त्याहून वेगळा काही क्रम असू शकतो, हे माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात संगणकाच्या प्रशिक्षणासाठी मी काही दिवस नागपूरला गेले. माझी मामेबहीण वर्षाताई तिथे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते, आणि तिच्या घरापासून मेट्रोचं स्टेशन जवळ आहे. पहिल्या दिवशी ती माझ्या चाकाच्या खुर्चीमागे चालत आली. दुसऱ्या दिवशी तिला कामावर लवकर जायचं होतं, तर ती स्टेशनच्या तोंडाशी थांबून म्हणाली, जाशील ना? मी हो म्हटलं, पण ते हो माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्या सकाळी धुकं होतं. रस्त्यापासून स्टेशनच्या दारापर्यंत एक लांबच लांब, इतका हलका उतार होता की तो चढ आहे हे फक्त माझ्या दंडांना कळत होतं. लिफ्टचं बटण बसल्या हाताला लागेल इतकं खाली होतं. त्या बटणासमोर मी थोडा वेळ उगाच थांबले. कुणीतरी कधीतरी, मला न पाहता, न ओळखता, माझ्यासारख्या एका माणसाचा हात किती उंच जातो याचा विचार केला होता, या गोष्टीनं मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. वर गाडी आली, दार उघडलं. फलाट आणि डबा यांत एक बारीक फट होती, तिच्यावरून चाकं किंचित थडथडली आणि मी आत होते. शेजारच्या बाईंनी नजर वर करून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली. माझ्या जाण्यायेण्याकडे इतक्या बेफिकिरीनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. खिडकीखाली शहर सरकू लागलं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, धुक्यातून वर आलेले निंबाचे शेंडे, कुठल्याशा शाळेच्या मैदानावर रांगेत उभी असलेली मुलं, आणि मी हे सगळं माझ्या स्वतःच्या उंचीवरून पाहत होते, कुणाच्या खांद्यावरून नाही. शहर काही सगळीकडे इतकं समजूतदार नव्हतं. स्टेशनाबाहेरचा फूटपाथ मध्येच संपे, तिथे मला रस्त्यावरून गाड्यांच्या कडेकडेनं जावं लागे, आणि संध्याकाळी तळहात काळे होऊन दुखत. पण ते दुखणं माझं होतं. मी ते रोज रात्री जरा कौतुकानंच चोळत असे.

त्याच आठवड्यात एकदा बाबांचा फोन आला. मागे मंडीतला गलका होता, कुणीतरी गाडी मागे घ्यायला ओरडत होतं. जेवण, थंडी, वर्षाताई, सगळं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "मंग, त्रास तं नाई होऊन राहिला?"

आनंदाच्या भरात मी म्हणाले, "नाई बाबा. इथं मले कोणाले उचलाच लागत नाई. सगळीकडे ढलान हाय. अकेलीच फिरून राहिली मी."

ढलान म्हणजे आमच्याकडे उतार. पलीकडचा गलका तसाच ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "मंग बरं हाय," आणि गाडी भरायची आहे म्हणून फोन ठेवला.

मी जे बोलले ते खरं होतं, आणि ते बोलण्यात माझी चूक होती असं आजही वाटत नाही. तरी त्या वाक्याची हळहळ माझ्या मनातून जात नाही. एखाद्यानं वर्षानुवर्षं जे काम प्रेमानं केलं, ते जिथे कुणालाच करावं लागत नाही अशी जागा जगात आहे, ही बातमी त्यालाच किती आनंदानं सांगितली मी.

परतीच्या दिवशी वर्षाताईनं नागपूरला दोन माणसांच्या मदतीनं मला डब्यात बसवलं, आणि पांढुर्ण्याच्या फलाटावर बाबा उभे होते. गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून एरवी डबा दिसताच ते आत घुसून, मला उचलून, खुर्ची कुणाच्या तरी हाती देऊन मोकळे झाले असते. त्या दिवशी ते डब्यात आले आणि माझ्यासमोर क्षणभर थांबले. हात पुढे केलेले, पण मला न लागलेले. म्हणाले, "उचलू का वं?"

त्यांनी मला हे आधी कधीच विचारलं नव्हतं. मी मान डोलावली. त्यांनी उचललं, अगदी सांभाळून, एखाद्या परक्या घरची वस्तू उचलावी तसं. "चाल माय" ते म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला अवघड गेले. घर तेच होतं, पण मला त्यात आता सारखी उंचीच दिसू लागली. न्हाणीचा उंचवटा, स्वयंपाकघराची पायरी, ओटा, त्याखालची नाली, नालीवरची फरशी, कॉलेजचा जिना. आधी हे सगळं घर होतं, गाव होतं. आता ती नुसती न ओलांडता येणाऱ्या गोष्टींची रांग झाली. आई पाण्याचा पेला हातात आणून देई तर मी म्हणे, ठेव, मी घेते, आणि मग तो घेता येत नसे. बाबा रोज सकाळी विचारत, उचलू का. दुपारी विचारत, उचलू का. विचारावं असंच मला कुठेतरी वाटत होतं ना? शहरानं मला तेच तर शिकवलं होतं. मग ते दोन शब्द दर वेळी का टोचत, ते कळत नव्हतं.

त्याच महिन्यात एका शनिवारी आम्ही सौसरला आत्याकडे गेलो आणि तिला घेऊन जामसांवलीला. तिथला मारुती निजलेला आहे. लहानपणी मला वाटे, हा आपल्यातला देव आहे. त्याला कुणी उभं राहा म्हणत नाही, सगळे त्याच्यापाशी वाकतात. दर वेळी बाबा मला खांद्यावरून गाभाऱ्यापर्यंत नेत. या वेळी मी म्हणाले, अंगण सपाट आहे, मी खुर्चीनंच येते. आत्या म्हणाली, "नागपूरचं पाणी लागलं वाटते पोरीले." बाबा माझ्या बाजूनं चालू लागले, आणि मी पाहिलं की त्यांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. मागे बांधले, सोडले, नारळ या हातातून त्या हातात घेतला, मग आत्याची पिशवी मागून घेतली. एवढ्या गर्दीत, उदबत्तीच्या आणि झेंडूच्या वासात, मला तेवढे ते रिकामे हातच दिसत राहिले.

फेब्रुवारीत, संत्र्याला बहर येतो त्या दिवसांत, एका दुपारी बाबांबरोबर कॉलेजातून परतले तर आमच्या दारात गर्दी. बाबांनी मंडीतून सुट्टी घेऊन मिस्त्री आणला होता, आणि ओट्यापासून नालीवरच्या फरशीपर्यंत सिमेंटची ढलान घातली होती. आमच्या गल्लीत प्रत्येक घराला अशी ढलान आहे, रात्री मोटरसायकल आत घ्यायला: आखूड, उभी, आणि टायर घसरू नये म्हणून थापीनं आडव्या रेघा मारलेली. मिस्त्रीला ढलान म्हटल्यावर तीच ठाऊक, बाबांनाही तीच. आमच्याकडे मोटरसायकल नाही, म्हणून आमच्या दारात इतके दिवस ती नव्हती, एवढंच. "आता तुले कोणाले विचारा लागत नाई," बाबा म्हणाले, आणि आईनं नारळ फोडला. सिमेंट वाळेपर्यंत त्यांनी ते रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालून भिजवलं, वर ओलं पोतं अंथरलं, गल्लीतल्या कुत्र्यांना हाकललं. ओल्या सिमेंटच्या वासात कुठून तरी येणारा संत्र्याच्या फुलांचा वास मिसळे आणि मी आतून ते पाहत असे.

पहिल्याच चढाला खुर्चीची पुढची चाकं वर उचलली गेली आणि मी मागे कलंडले. बाबा मागेच होते, त्यांनी धरलं. "नवीन हाय, सवय होईन," ते हसून म्हणाले आणि ढकलत मला वर घेऊन गेले. मीही हसले. त्यानंतर ते ढकलतात आणि मी चढते असंच चालू राहिलं. ते घरी नसले की आई धरते. नागपूरचा तो उतार किती लांब होता, हे सांगायचं मी रोज उद्यावर टाकत होते, कारण त्या रेघांवरून बाबा कधीकधी पायाचा अंगठा फिरवून पाहत, पक्क्या झाल्या का म्हणून.

परवा संध्याकाळी बाबा अजून आले नाहीत असं समजून मी खाली गल्लीत एकटीच प्रयत्न करत होते. दोन्ही हातांनी चाकं दाबायची, अर्ध्यापर्यंत जायचं, तोल जाऊ लागला की हळूच मागे सुटायचं. पुन्हा. घामानं हात घसरत होते. किती वेळानं कोण जाणे, मी वळून पाहिलं तर बाबा गल्लीतल्या निंबाखाली उभे होते, डब्याची पिशवी हातात, आणि ते बरेच आधीपासून उभे असावेत.

ते जवळ आले. "उतर त्याच्यातून," म्हणाले. "मले बसू दे."

त्यांनी मला उचलून ओट्यावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. त्यांना तिच्यात मी प्रथमच पाहत होते. खुर्ची त्यांना अपुरी पडत होती, गुडघे वर आले होते. त्यांनी चाकं पकडली, ज्या हातांनी आख्खा ट्रक भरतो त्या हातांनी जोर लावला, आणि खुर्ची थोडी चढून, नाक वर करून, मागे गेली. पुन्हा लावला. पुन्हा मागे. समोरून जाणारे शेजारी थांबून म्हणाले, "काय गा भाऊ, पेट्रोल सरलं काय?" बाबा आधी हसले. मग तिसऱ्यांदा प्रयत्न केला, आणि मग हसले नाहीत. शेजारी निघून गेले.

"म्या मोटरसायकलची ढलान केली वं," ते म्हणाले.

मला नाही म्हणायचं होतं. चांगली झाली आहे, सवय होईल, असं काहीतरी. पण मी ओट्यावर बसून त्यांच्या डोक्याचा शेंडा पाहत होते, तिथले पांढरे झालेले केस, जे खांद्यावरून कधी दिसले नव्हते. ते खाली होते, मी वर होते, आणि मला हात पुढे करून त्यांना वर घेता येत नव्हतं. ते उठू शकत होते. दोन पावलांत वर येऊ शकत होते. पण ते उठले नाहीत, चाकांवर हात ठेवून तसेच बसून राहिले, आणि थोड्या वेळानं विचारलं, "नागपूरले कितीक लांब रायते ते?"

मी हात पसरून दाखवू गेले, ते पुरले नाहीत. मग समोरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं, नालीच्या पलीकडे, रस्त्याच्याही पलीकडे. बाबांनी मान वळवून पाहिलं. एवढी ढलान आमच्या दारात मावायची नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. तरी ते त्या खांबाकडे, मग आमच्या ओट्याकडे, मग पुन्हा खांबाकडे पाहत राहिले, आणि हळूच खुर्ची फिरवून, तिचं तोंड रस्त्याकडे करून, चाकं स्वतःच्या हातांनी लोटत, अडखळत, तिकडे निघाले.