एसीतला निवडुंग

दुबई विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफच धरली. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये लेकीच्या, मेघाच्या घरी पोचेपर्यंत मला धड काही दिसलं नाही. पहिलं नीट दिसलं ते खिडकीपाशी उभं असलेलं माझ्या कमरेएवढं झाड. सरळ खांबासारखं, अंगभर पांढरी लव.

"निवडुंग आहे बाबा. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरउतारावरचा," मेघा म्हणाली. त्याला थंडीची सवय, इथला उन्हाळा सोसत नाही. वाळवंटात निवडुंगालाही एसी लागतो म्हटल्यावर मला बरं वाटलं. झाड शेजारच्या हमीदाताईंचं. भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला जाताना त्यांनी ते मेघाकडे सोपवलं होतं. त्यांच्या यजमानांनी ते बोटाएवढं असताना आणलेलं, आणि यजमान आता नाहीत.

आमच्या सौ.चा नेम असा, की आंघोळीनंतर तुळशीला पाणी आणि मगच चहा. मेघाची तुळस बाल्कनीत करपून गेलेली. मग काय, रोज तांब्याभर पाणी निवडुंगाला. मेघा तोवर ऑफिसला निघून गेलेली असे, आणि चहाच्या ओढीनं मीही गप्प.

आम्ही अब्रातून (लाकडी होडी) खाडी ओलांडली, अल ऐनच्या खजुरांच्या बागा पाहिल्या. तिथून परतलो तर खांब कलला होता. बुंधा पिकल्या केळ्यासारखा मऊ.

"त्यांची एवढी एकच आठवण, तीही मी कुजवली," सौ. म्हणाली आणि जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी हमीदाताई आल्या त्या सांदणांचा (तांदळाच्या रव्याची गोड इडली) डबा घेऊनच. सौ.नं दारातच सगळं सांगून टाकलं. ताईंनी बुंधा दाबून पाहिला. मग सुरी मागितली आणि आतला गर स्वच्छ हिरवा लागेपर्यंत चकत्या काढत गेल्या. वरचा वीतभर शेंडा उरला, तो त्यांनी सुकायला कागदावर ठेवला.

"भाभी, आमच्या ह्यांनीपण नवीन असताना रोज पाणी घालून हा असाच कुजवला होता. मग कापून परत लावला," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "आज तुमच्यामुळे ते आठवले. रुजेल, इन्शाल्ला. आता सांदण खा."

पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी फोटो आला. शेंडा रुजला होता, टोकाला नवी पांढरी लव होती. आता सौ. तुळशीला पाणी घालते, मग हमीदाताईंना फोन करून झाडाची आणि त्यांची खुशाली विचारते. दोघींच्या गप्पा संपल्या की मग चहा. तो हल्ली फार उशिरा मिळतो, पण मी गप्प बसतो. या वेळी मनापासून.