गोधडीआडची बंदिश

आमच्या वरच्या मजल्यावरचे बुवा स्वतः बांधलेली बंदिश शिकवायला बसले, की आधी खिडक्यांना गोधड्या ठोकतात आणि शिष्यांचे मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरतात. मे महिन्यात त्या खोलीत तंबोऱ्यालाही घाम फुटतो, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

आज सकाळी खांद्यावर सिलिंडर घेतलेला गॅसवाला शिवराम नेमकी तीच बंदिश गुणगुणत जिना चढताना दिसला, आणि माझ्या कपातला चहा जागच्या जागी थिजला.

मनात आलं, सूर म्हणजे फोडणी. पातेल्यावर झाकण ठेवा, झाकणावर वरवंटा ठेवा, वास आपला शेजारी जाऊन पाटावर बसतोच. पण फोडणी देणाऱ्याचा हात पोळलेला असतो, हेही खरंच. या चार ओळींपायी बुवा सहा महिने बायकोशीसुद्धा बोलले नव्हते. त्यांचा हक्क नाही, असं कोण म्हणेल?

तेवढ्यात वरचं दार धाडकन उघडलं.

"थांब! माझी चीज आहे ती!"

"असेल की बुवा. खालच्या वहिनी भांडी घासताना म्हणतात, तिथनं आली."

बुवा थरथरत तीन पायऱ्या उतरले. आता सिलिंडरच्या आधी बुवाच फुटणार, अशी माझी खात्री झाली.

"चोरलीस ती चोरलीस, पण तिथला निषाद कोमल आहे, गाढवा! पुन्हा म्हण."

शिवरामने म्हटली. पाचव्या खेपेला बुवांचे डोळे आपोआप मिटले.

"हं. आता कुणी विचारलं, तर नाव माझं सांगायचं."

"सांगतो की. आणि चुकलं तर?"

"चुकलं तर तुझं!"