बळीराम आणि न गळणारं ग्रीस

बळीरामचं नाव निघालं की अजूनही माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो.

हिंगण्याच्या ग्रीस कारखान्यात मी बारा वर्षं कढई सांभाळत होतो. तो माझ्यानंतर दहा वर्षांनी आलेला, डबे भरणारा. नंदनवनहून कंपनीच्या बसने यायचा आणि उतरल्या उतरल्या चिमटीत ग्रीस ताणून बघायचा. त्याची बायको कौशल्या पाकाची तार तशीच बघते म्हणे.

एकोणऐंशी साली केमिस्ट साहेबांनी पॉलिमर आणलं, दिसायला रबराचा चुरा. गरम भट्टीजवळच्या बेअरिंगमधून आमचं ग्रीस वितळून गळायचं. ह्याने ते टिकेल, असं साहेबांचं म्हणणं. मी चुरा सरळ उकळत्या कढईत ओतला. नुसता धूर झाला आणि ग्रीस पाण्यासारखं पातळ. बळीरामने तोच चुरा तेलात मंद आचेवर दिवसभर ढवळून विरघळवला, मग कढई निवत आल्यावर मिसळला. चाचणीत कितीही तापवलं तरी थेंब गळेना. फोरमनची जागा तेव्हा रिकामी होती. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या घाण्याला तो जेवायला गेला, तेव्हा मी बर्नर मोठा केला. तो यायच्या आत पुन्हा बारीक केला. घाणा वाया गेला आणि फोरमन मी झालो.

पण बळीराम त्यानंतर पॉलिमरला शिवेना, आणि मला ते जमेना. माझे तीन घाणे बिघडल्यावर साहेब म्हणाले, उद्या शेवटचं बघू, नाहीतर हे ग्रीस बंद. मी त्याच्याकडे गेलो.

"काहून गा, हात लावत नाहीस?"

"माह्या हातात काही नाही, दादा. पयल्या बारीले नशिबानं जमलं. आता डबेच भरून राहिलो, तेच बरं."

तो खरंच तसं समजत होता. माझ्याने राहवलं नाही.

"त्या दिवशी तू जेवाले गेला, तवा बर्नर मी वाढवला होता."

आता हा शिव्या घालणार, साहेबांकडे जाणार, माझी खुर्ची जाणार, म्हणून मी मान खाली घातली. तो आपल्या बोटांकडे बघत होता.

"म्हणजे माहा हात चुकला नव्हता?"

"नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. फोरमनकीबद्दल एक शब्द न काढता त्याने चुऱ्याची पिशवी उचलली आणि बर्नर पेटवला. फोरमन मी होतो, आणि तरी त्या वेळी मला त्याच्या जागी असावंसं वाटत होतं.