मे महिन्याचं पान

१ जून २०२५. सत्यशीलाच्या हातावर एक हजार चारशे रुपये पडले. कोथरूडच्या या घरी रोज चौदा पोळ्या आणि महिन्याला दोन हजार शंभर असं ठरलं होतं.

"ताई, सातशे कमी आहेत."

"अहो, आम्ही दहा दिवस दापोलीला नव्हतो का? ते ॲडजस्ट केले." शर्मिलाताईंनी मोबाइलमधून मानही वर केली नाही.

"आणि पाहुण्यांच्या पोळ्या?"

"त्या काय मोजायच्या मावशी! घरचं समजून ॲडजस्ट करायचं."

सत्यशीलाचं डोकं सणकलं. एकाच शब्दाने तिचे सातशे गेले आणि त्याच शब्दाने जास्तीच्या पोळ्याही फुकट गेल्या.

हा शब्द तिला पुण्यानेच शिकवला होता. सव्वीस वर्षांपूर्वी वाशीमहून नवऱ्याबरोबर, कोंडीरामबरोबर, ती स्वारगेटला उतरली. सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ताई, जरा ॲडजस्ट करा." तिने पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारी एका लेकुरवाळीला जागा झाली. शब्द तिला आवडला. शेगडीवाल्याने ज्योत ॲडजस्ट करून दिली, तेव्हाही आवडला. शिंप्याचं ॲडजस्ट तर तिला पूर्ण पटायचं. ब्लाउज घट्ट झाला की तो शिवण उसवून अर्धा इंच सोडायचा, पण तो अर्धा इंच त्याने शिवतानाच आत ठेवलेला असायचा. घरमालक नळ अर्धाच तास सोडून ॲडजस्ट करा म्हणायचा, त्याने आत काय ठेवलं होतं? मुलीने सासरचा जाच सांगितला, तेव्हा खुद्द कोंडीराम म्हणाला होता, "तिला म्हण, थोडं ॲडजस्ट कर." त्या दिवशी सत्यशीलाने त्याच्यापुढचं ताट उचलून मोरीत आपटलं होतं.

आज आपटायला ताट नव्हतं. पण स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं. दूध किती घेतलं ते शर्मिलाताई त्यावर लिहीत. सत्यशीलाचा खाडा झाला की त्याच चौकोनात लाल गोल करीत, आणि त्या गोलाचे सत्तर रुपये कधी चुकून राहिले नव्हते. सत्यशीलाने जूनचं पान उलटून मे महिना काढला, कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि शर्मिलाताईंच्या मोबाइलवरच ठेवलं.

"दाखवा. माझा लाल गोल दाखवा."

शर्मिलाताईंनी कॅलेंडरखालून मोबाइल ओढून घेतला.

"नाही ना? पाहुणे होते तेव्हा, चौदा तारखेपासून चोवीसपर्यंत, काय लिहिलंय, वाचा. दूध, एक लिटर जास्त. अकरा दिवस. दूधवाल्या शंभूला त्या दुधाचे पैसे माझ्यासमोर मोजून दिलेत. त्याला नाही म्हणालात घरचं समज?"

"दुधाचं वेगळं असतं."

"काहून वेगळं? त्याची म्हैस दूध देते, मग माझे हात काय फुकट चालतात? रोज आठ पोळ्या जास्त. अठ्ठ्याऐंशी झाल्या. पाच रुपयांनी चारशे चाळीस."

"आठ कुठल्या? उगाच काहीतरी!"

आतल्या खोलीतून शर्मिलाताईंच्या सासूबाई, यमुनाबाई, चष्मा पुसत बाहेर आल्या. "आठच. पाहुणे चार होते, पण त्यातल्या चार पोळ्या एकट्या माझ्या बहिणीच्या. ती माझ्याकडे जेवायला येते, राहायला नाही."

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका."

"बरं. मी ॲडजस्ट करते," यमुनाबाई म्हणाल्या आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

शर्मिलाताईंचा चेहरा तापला. "चारशे चाळीस देते. पण दापोलीच्या दिवसांचे कसले? तुम्ही कामाला आलाच नव्हता."

"कुलूप तुमचं होतं, ताई! मी सातच्या ठोक्याला मोकळी होते. खालच्या मजल्यावरच्या नम्रताताई दहा दिवसांसाठी बोलावत होत्या. तुम्ही जाताना म्हणालात, आम्ही लवकरही परत येऊ, वेळ धरून ठेवा. मी धरून ठेवली. आता त्या वेळेचे पैसे मलाच कापता?" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. समोरचं दार उघडून पुन्हा बंद झालं.

शर्मिलाताई उठल्या, कपाटातून नोटा आणून ओट्यावर टाकल्या. दोन पाचशेच्या, एक शंभराची.

"अकराशे आहेत. वरचे चाळीस सुटे नाहीत. पुढच्या महिन्यात..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

सत्यशीलाने नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या. पोळपाट धुऊन भिंतीला उभा केला. "पुढचा महिना नाही. उद्यापासून सातची वेळ नम्रताताईंची."

"अहो, पण उद्या पोळ्या..."

तिने चपला घातल्या आणि जिना उतरली.

यमुनाबाईंनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. एकतीस मेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं: सत्यशीलाचे चाळीस रुपये देणे आहेत.