गुंडोअण्णा ज्या परांच्यांवर चढले नाहीत

मल्लेश्वरमच्या गुंडोअण्णांना ओळखत नाही असा परांचीवाला बेंगळुरूत शोधून सापडायचा नाही. इमारत उभी राहताना तिच्या अंगाला लोखंडी पाईपांचा जो सांगाडा बांधतात ती परांची. ती बांधणाऱ्या कारागिरांचा एक संघ आहे, आणि गुंडोअण्णा त्या संघाचे परीक्षक. संघाचं बाकीचं काम म्हणाल तर वार्षिक सभा, शाल, हार आणि वर केसरीभात. पण एक नियम मात्र लाखमोलाचा. कारागिराला कार्ड द्यायचं तर परीक्षकाने त्याच्या परांचीवर आधी स्वतः टोकापर्यंत चढायचं, पाईप जोडणारा एकेक क्लॅम्प हाताने बघायचा आणि खाली आल्यावरच सही करायची. हा नियम गुंडोअण्णांनीच भांडून भांडून मंजूर करून घेतला होता.

गेल्या वर्षी आनेकलच्या मैदानात परीक्षा चालू असताना, अगदी वर पोचल्यावर, त्यांना एकाएकी गरगरलं. पडले नाहीत, कुणाला काही कळलंही नाही. पण त्या दिवसापासून भीतीने त्यांची मानगूट धरली. घरात पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी लगेच खाली उतरायचे.

तेव्हाच संघाला सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण हा माणूस मानाचा भुकेला! दुसरा कुणी परीक्षक झाला तर सभेत आपण कुठे बसायचं, याचीच चिंता मोठी. मग त्यांनी युक्ती काढली. खाली उभं राहायचं, एखादा पाईप हलवून बघायचा, कारागिराचे तळहात निरखायचे आणि म्हणायचं, "चढायची गरजच नाही. हात बघितला की काम कळतं." लोक माना डोलवायचे. केवढा हा अनुभव, म्हणायचे.

त्यांची मुलगी सिद्धी पुण्याच्या मल्हारला दिलेली. मल्हार महादेवपुराला एका मोठ्या बांधकामावर इंजिनिअर. रविवारी दोघं जेवायला आले होते.

"बाबा, आमच्या साइटवर नवीन स्कॅफोल्डिंगवाला आलाय, विनोदकुमार म्हणून," मल्हार जेवता जेवता म्हणाला. "त्याच्या कार्डवर तुमची सही! मला खरं तर हाइटचं जाम टेन्शन असतं. पण आता बिनधास्त जातो वर. रोज."

गुंडोअण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. विनोदकुमार! त्याला त्यांनी आनेकललाच, त्या गरगरण्यानंतर, पास केलं होतं, खालून बघून.

"स्वल्प पाणी दे गं," एवढंच ते सिद्धीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते महादेवपुराला निघाले. बसच्या खिडकीतून जिकडे बघावं तिकडे परांच्या, आणि प्रत्येकीवर माणसं. ही कुणाची, ती कुणाची, असं मनात येऊन त्यांनी डोळेच मिटून घेतले.

विनोदकुमार धावत आला आणि पाया पडला. वर, खूप वर, पिवळ्या हेल्मेटातला मल्हार गवंड्यांशी काहीतरी बोलत होता.

"वरचे क्लॅम्प कोण बघतं रे?" गुंडोअण्णांनी विचारलं.

"पोरं बांधतात अण्णा, मी खालून बघतो."

"तू चढत नाहीस?"

विनोदकुमार लाजल्यासारखा हसला. "तुम्ही कुठे चढलात? सगळ्यांच्या परांचीवर चढणारे तुम्ही, माझ्यावर विश्वास ठेवलात. गावभर सांगितलं मी. तेव्हापासून मीही चढत नाही. हात बघितला की काम कळतं."

आपण आपली लाज झाकायला केलेलं सोंग या माणसाने विद्या समजून घेतलं होतं, आणि त्या सोंगाच्या भरवशावर आपला जावई वर उभा होता.

"सगळ्यांना खाली बोलाव."

"प्लास्टर चालू आहे अण्णा, कसं थांबवू? काही दिसलं का तुम्हाला?"

काय सांगणार? त्यांनी काही बघितलंच नव्हतं. त्यांनी मल्हारला हाका मारल्या, पण मिक्सरच्या आवाजात त्या कुठल्या कुठे विरल्या. शेवटी त्यांनी शिडीला हात घातला.

घामाने तळवे निसटत होते. खाली बघायचं नाही असं ठरवूनही नजर खाली गेली, आणि जमीन फिरायला लागली. आपण मरणार, याची त्यांना अगदी खात्री वाटली. डोळे मिटून, हाताने चाचपत ते आणखी वर सरकले, आणि एका सांध्यावर त्यांच्या मुठीत क्लॅम्प फिरला. पाना लागलाच नव्हता. त्यांनी पुढचा धरला, तोही फिरला.

"विनोदा!" ते किंचाळले.

विनोदकुमार वर आला. त्याने क्लॅम्पला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने अण्णांना धरून खाली आणलं, मिक्सर बंद करवला आणि शिट्टी मारली. एकेक माणूस उतरू लागला. मल्हार सगळ्यात टोकाला होता. तो फळ्यांवरून चालत शिडीकडे येत होता, त्याच्या प्रत्येक पावलाला पाईप करकरत होते, आणि गुंडोअण्णा खाली हात जोडून उभे होते. हात कुणाला जोडले हे त्यांनाही कळत नव्हतं.

मल्हार उतरला. "काय बाबा, एखादा नट लूज होता ना? टाइट करून घेऊ की."

"मल्हारराव, मी याच्या परांचीवर चढलोच नव्हतो," गुंडोअण्णा म्हणाले. "मला भीती वाटते. वर्ष झालं, मी कुणाच्याच परांचीवर चढलो नाही."

विनोदकुमार मटकन वाळूवर बसला. मल्हारने हेल्मेट काढलं.

"कुणाच्याच?" तो म्हणाला. "मग अजून कोण कोण आहेत?"

गुंडोअण्णांनी पहिलं नाव सांगितलं. प्राणेश.

मल्हारने संघाच्या कचेरीतून नंबर घेतला आणि फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला.

"आता नाही उचलणार तो," विनोदकुमार खालमानेने म्हणाला. "वर असला की तो फोन घेत नाही."